डोळे मिटण्याआधी

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक बुटका, ढेरपोट्या यक्ष उभा आहे. दोन्ही हात वर करून त्याने डोक्यावर वाडगं धरलंय आणि चेहऱ्यावर असं हसू आहे की बघणाराही हसतो. तो आपल्याकडचा, म्हणजे पितळखोऱ्याचा. चाळीसगावहून औट्रम घाट चढून गेलं की सातमाळ्याच्या डोंगरात जी लेणी लागतात, तिथला. त्याच्या तळहाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ कोरलेली आहे. अर्थ एवढाच: हे कान्हदास सोनाराने केलं.

जळगावात वाढलेल्या माणसाला 'सोनार' हा शब्द दिसला की तो थांबतोच. आमच्या शहराची अर्धी ओळख सराफ बाजारावर उभी आहे. इसवी सनाच्या आधीच्या शतकांत कोणी एक सोनार सोनं बाजूला ठेवून दगड हातात घेतो, काम झाल्यावर त्यावर आपलं नाव आणि धंदा दोन्ही लिहितो, हे वाचून मला फार बरं वाटलं. असं फक्त इथेच घडलं असं नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. बारीक कामाला सरावलेले हात दगडाकडे वळले, एवढंच. आणि कान्हदास म्हणजे कृष्णाचा दास. नावावरून तरी हा माणूस बुद्धाचा उपासक असेलच असं म्हणता येत नाही. खानदेशाला कान्हदेश म्हणणारे लोक आहेत, श्रावणात आपल्याकडे कानबाई बसते, त्यामुळे मला हा कान्हदास शेजारच्या गल्लीतला वाटतो. हा पुरावा नाही, नुसता जिव्हाळा आहे.

पितळखोऱ्याला अशी आणखी नावं आहेत. चैत्यगृहातला एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या कुटुंबाने दिला. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचं दान आहे, आणि त्याच्या नावाखाली सगळं संपत नाही: त्याची मुलगी दत्ता हिचं वेगळं दान आहे, मुलगा दत्तक याचं वेगळं. बापाने एकदाच पावती फाडून घरातल्या सगळ्यांची नावं घातली असं झालेलं नाही. मुलीने आपल्या नावाने दिलं, ते तसंच कोरलं गेलं, आणि आज आपण ते वाचू शकतो.

मी हे सगळं वाचायला लागलो त्याचं कारण इतिहासाची आवड नव्हे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या क्षेत्रात ध्यान ही सध्या फार बोलली जाणारी गोष्ट आहे आणि ते विकताना एक वाक्य हमखास येतं: अडीच हजार वर्षांपूर्वीचं तंत्र. मला विचारायचं होतं की त्या अडीच हजार वर्षांत माझ्यासारखी माणसं, म्हणजे सकाळी कामाला जाणारी, कर्ज असलेली, घरी म्हातारे आईवडील असलेली माणसं, नक्की काय करत होती? राजवैद्य मगिल रोग्यांची नाडी बघण्याआधी पहाटे पाठ ताठ करून बसत होता का?

दगड याबद्दल गप्प आहे. दगड फक्त दान सांगतो. ग्रंथ थोडं जास्त सांगतात. पाली साहित्यात ध्यान करणारे गृहस्थ भेटतात, पण गृहस्थाच्या साधनेचा जो आराखडा पुन्हा पुन्हा येतो तो वेगळा आहे: दान द्यायचं, पाच शीलं पाळायची, पौर्णिमा-अमावास्येला उपोसथ करायचा, म्हणजे त्या दिवशी आठ शीलं घ्यायची आणि दुपारनंतर जेवायचं नाही. भिक्खूंकडून धम्म ऐकायचा. धंदा कुठला करायचा नाही याचीही यादी आहे. शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष, या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये असं अंगुत्तर निकायात सांगितलंय. या यादीकडे मी पुन्हा येणार आहे.

गृहस्थ आणि भिक्खू यांचं नातं कसं होतं हे समजायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे वर्षावासाचा नियम. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. तो नियम का आला हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. विनयपिटकात त्याची हकीकत आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरत होते, तेव्हा लोकांनी तक्रार केली: हे श्रमण उगवतं गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मारतात, पाखरंसुद्धा पावसाळ्यात झाडावर घरटं करून बसतात आणि यांना बसवत नाही? ही तक्रार बुद्धापर्यंत गेली आणि नियम झाला. खानदेशात जूनच्या शेवटी कपाशीचं दोन पानांवर आलेलं रोप ज्याने बघितलंय त्याला ही तक्रार समजावून सांगायला नको. माझ्या डोक्यात हे फार दिवस राहिलं. भिक्खुसंघाचं वर्षाचं सगळं वेळापत्रक बदललं, डोंगर कोरून राहण्याच्या जागा कराव्या लागल्या, आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे गावातल्या माणसांची कुरकुर. साधना कशी असावी हे ठरवण्यात शेतात राबणाऱ्यांचा हात होता.

त्या तीन महिन्यांत काय चालत असेल याचा अंदाज अजिंठ्याला येतो. पण त्यासाठी चित्रांची लेणी सोडून बाराव्या लेण्यात जावं लागतं. पर्यटक तिथे थांबत नाहीत, कारण बघायला काही नाही. मधे चौकोनी दालन, तीन बाजूंना चार-चार खोल्या, प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे. बारा खोल्या, चोवीस माणसं झोपतील एवढी सोय. भिंतीवर एका व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. मी तिथल्या एका ओट्यावर थोडा वेळ बसलो होतो. उंची अशी की पाय जमिनीला टेकतात. आत उन्हाळ्यातही गार लागतं. पावसाळ्यात समोरून वाघूर वाहते आणि तिचा आवाज खोलीत भरून राहतो. हीच वाघूर पुढे खानदेशात उतरते, तिच्यावर धरण आहे आणि त्या धरणाचं पाणी जळगावच्या नळाला येतं. लहानपणापासून जे पाणी प्यालो ते आधी या खोल्यांसमोरून गेलेलं असतं, हे मला नोकरीला लागल्यानंतर कळलं. आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला दोनदा गेली, पण कोणी सांगितलं नाही.

पुढची गोष्ट चित्रांची आहे आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. नंतर लेणी रिकामी झाली, धम्म या प्रदेशातून हळूहळू नाहीसा झाला. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी लेणी 'सापडली' आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. दान न देता नाव कोरणारा बहुधा तो तिथला पहिलाच असावा.

आता गोष्ट खानदेशातून दूर, ब्रह्मदेशात जाते, कारण रोज सकाळी घरात बसून ध्यान करणारा नोकरदार माणूस हा प्रकार मुख्यतः तिथे तयार झाला. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेच्या राजाला गादीवरून काढलं. विहारांना सांभाळणारा राजाच गेला, आता शासन बुडणार, म्हणजे बुद्धाची शिकवण नाहीशी होणार, अशी भीती लोकांत पसरली. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्खूने त्यावर उत्तर शोधलं ते असं की शिकवण आता सगळ्यांनीच सांभाळायची. त्यांनी सोप्या बर्मी भाषेत छोट्या पुस्तिका लिहिल्या, गृहस्थांना अभिधम्म शिकवला, ध्यान शिकवलं. त्यांच्या शिष्यांत सया थेटजी नावाचा एक शेतकरी होता. त्याला त्यांनी पुढे शिकवायची परवानगी दिली. त्या शेतकऱ्याकडे १९३७ मध्ये सरकारी हिशेब खात्यातला एक नोकर ध्यान शिकायला गेला. त्याचं नाव ऊ बा खिन. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर तो अकाउंटंट जनरल झाला, आणि आपल्या कचेरीतच त्याने ध्यानाचा वर्ग सुरू केला.

हिशेब खात्यात ध्यान, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात आवडतं चित्र आहे. फायली, शिक्के, टेबलं, आणि बाजूच्या खोलीत मांडी घातलेले कारकून. त्यांना डोंगरात जायचं नव्हतं. साडेदहाला परत टेबलावर यायचं होतं. 'अडीच हजार वर्षांपूर्वीचं तंत्र' हे वाक्य खोटं नाही. पण ते सर्वसामान्य संसारी माणसाच्या हातात एवढ्या मोठ्या प्रमाणावर आलं त्याला शंभर-सव्वाशे वर्षंच झाली आहेत. आपल्या आगगाडीपेक्षा ते तरुण आहे.

ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ मध्ये सत्यनारायण गोयंका आले. मंडालेत जन्मलेले, मारवाडी व्यापारी घराण्यातले. त्यांना भयंकर अर्धशिशी होती, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत होती. ते डोकेदुखीसाठी शिबिरात यायचं म्हणाले तेव्हा ऊ बा खिन यांनी नाही म्हटलं. डोकेदुखी बरी करायला हे नाही. मन निर्मळ करायचं असेल तर या, वाटेत डोकेदुखी गेली तर गेली. गोयंका हा प्रसंग पुढे अनेकदा सांगत. १९६९ मध्ये ते भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर झालं, आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. जळगाव-भुसावळच्या लोकांसाठी इगतपुरी म्हणजे मुंबईला जाताना कसारा घाटाआधी गाडी थांबते ते स्टेशन. आता धुळ्याजवळ डेडरगाव तलावापाशीही धम्म सरोवर नावाचं केंद्र आहे, त्यामुळे खानदेशातल्या माणसाला घाटापर्यंत जायचीही गरज उरलेली नाही.

दहा दिवसांचं शिबिर मी केलं आहे. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी नव्या साधकाला थोडी फळं आणि चहा, दिवसभर मौन, फोन पहिल्याच दिवशी जमा. याबद्दल लोक उत्साहाने बोलतात, विशेषतः फोनबद्दल. मला मात्र एक दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली आणि ती पहिल्या संध्याकाळीच होऊन जाते. श्वासाकडे लक्ष द्या असं कोणी सांगण्याआधी तिथे त्रिशरण आणि पंचशील घ्यावं लागतं. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. मग साडेतीन दिवस श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना. गोयंकांच्या प्रवचनात हा क्रम पुन्हा पुन्हा येतो: शील, समाधी, प्रज्ञा. मौनाचंही कारण याच क्रमात आहे. माणूस दहा दिवस बोललाच नाही तर खोटं बोलण्याची संधीच राहत नाही. पाया आधी भरायचा, भिंत मग.

हा क्रम माझ्यासाठी नवा नव्हता. तो मी घरात ऐकलेला होता, फक्त त्याला क्रम म्हणतात हे माहीत नव्हतं. माझी आजी, जिला आम्ही मोठीमाय म्हणायचो, धुळ्याकडची. कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी केलेली. तिला लिहिता येत नव्हतं, पण बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती विहारात जायची. कॉलेजात असताना मी एकदा व्हिडिओ बघून खोलीत डोळे मिटून बसलो होतो. ती दारात उभी राहून थोडा वेळ बघत राहिली आणि अहिराणीत म्हणाली, "नुसता डोया झाकीसन काय व्हस? पहिले खोटं बोलनं सोड."

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या या दृष्टीने पुन्हा वाचून बघाव्यात. सुरुवातीच्या प्रतिज्ञा काय सोडायचं ते सांगतात: देव, श्राद्ध, पिंडदान. मग सगळी माणसं समान मानण्याची आणि समता स्थापन करण्याची प्रतिज्ञा. त्यानंतर अष्टांगिक मार्ग, पारमिता, प्राणिमात्रांवर दया, चोरी न करणं, खोटं न बोलणं, दारू न पिणं. ध्यानाला बसण्याची स्वतंत्र प्रतिज्ञा नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी येतात, तेवढाच तिचा प्रवेश. येवल्याला १९३५ मध्ये धर्म सोडण्याची घोषणा झाली ती मनमाडच्या पलीकडे, आमच्या दाराशीच. १९३७ च्या जुलैअखेर बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले होते. आजही ३१ जुलैला लोक पावसात तो डोंगर चढतात. तिथे कोणी ध्यानाला बसत नाही. गाणी होतात, भाषणं होतात, खिचडी असते, पोरं हरवतात आणि सापडतात.

म्हणून बाबासाहेब ध्यानाच्या विरुद्ध होते असं काही लोक सांगतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडला की ते टिकत नाही. गयेला गौतम बसतो तो चाळीस दिवस पुरेल एवढं अन्न गोळा करून बसतो, आणि चार आठवडे ध्यान करतो, असं बाबासाहेब लिहितात. उपास नाही, चमत्कार नाही. शिधा भरून, प्रश्न समोर घेऊन बसलेला माणूस. प्रश्न कुठला, तर जगात दुःख आहे आणि ते नाहीसं कसं करायचं. पुढे पहिल्या प्रवचनाच्या प्रकरणात समाधी आणि सम्यक समाधी यांत त्यांनी फरक केलाय. नुसती एकाग्रता दोष काही काळ थांबवून ठेवते, पण मनाला कायमचं वळण देत नाही. ते वळण सम्यक समाधी देते, ती मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावते. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातलं हे विवेचन आजच्या प्रत्येक ध्यानाच्या ॲपला लागू पडतं.

या विषयावर आमच्याकडे भांडणं होतात, आणि ती खरी भांडणं आहेत. विहारातले काही ज्येष्ठ म्हणतात, विपश्यनेने तरुण पोरं आत वळतात आणि मोर्चाला येत नाहीत. अन्याय झाला तर 'संवेदना आहे, येईल आणि जाईल' म्हणत बसणार का? त्यांना हेही खटकतं की गोयंकांनी आपल्या शिकवणीला बौद्ध धर्म म्हणायचं टाळलं, ती सगळ्यांसाठी आहे असंच सांगितलं. ज्यांनी बौद्ध म्हणवून घेण्यासाठी गावात बहिष्कार सोसला त्यांना हे सहज पचणारं नाही. दुसरीकडे शिबिरं केलेले माझ्याच वयाचे मित्र म्हणतात की जयंतीला डीजेपुढे नाचणाऱ्यांनी पंचशीलाच्या पाचव्या शीलाबद्दल आधी बोलावं. मला दोघांचं म्हणणं पटतं, आणि दोघंही एकमेकांबद्दल जरा जास्त कठोर आहेत असंही वाटतं. पण एका बाबतीत ते एकमेकांच्या फार जवळ आहेत आणि त्यांना ते दिसत नाही. दोघांच्याही वाटेवर पहिली पायरी शीलाचीच आहे. पहिली पायरी गाळली आहे ती तिसऱ्याच कोणीतरी.

१९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कॅबट-झिन यांनी रुग्णांसाठी ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. आठ आठवड्यांचा. ध्यान तेच, आजूबाजूचा धर्म काढून टाकलेला. हेतू चांगला होता आणि दुखणाऱ्या माणसांना त्याचा उपयोगही झाला. २००७ मध्ये गूगलमध्ये चाडे-मेंग टान या इंजिनिअरने कर्मचाऱ्यांसाठी असाच वर्ग काढला. मग हेडस्पेस आलं, ते काढणाऱ्यांपैकी एक जण आधी भिक्खू होता. मग सगळ्यांच्या फोनवर घंटेचा आवाज आला. मी ही ॲपं वापरली आहेत. झोप लागते, हे खोटं नाही. पण त्यातलं एकही ॲप तुम्हाला विचारत नाही की तुम्ही दिवसभर काय काम करता. हिशेब खात्यातला ऊ बा खिन हे विचारत होता. पैशाची अफरातफर करणाऱ्या कारकुनाला त्याने नुसतं श्वास बघायला बसवलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. चार फेऱ्या झाल्या, पगार माझ्या तेव्हाच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. शेवटच्या फेरीनंतर त्यांनी ऑफिस दाखवलं. कॅन्टीन, टेबल टेनिस, आणि एक ध्यानकक्ष. मंद दिवा, गोल गाद्या, कोपऱ्यात बुद्धाचं नुसतं शिर. फक्त शिर ठेवण्याची ही फॅशन मला कधी समजली नाही. कंपनी फोनवरून छोटी कर्जं देत होती. मला ज्या टीममध्ये घ्यायचं होतं तिचं काम वसुलीचं: हप्ता चुकला की कोणाला, किती वाजता, कुठल्या भाषेत मेसेज जाईल हे ठरवणारी यंत्रणा. कर्जदाराच्या फोनमधले नंबर वापरायचे का, असं मी विचारलं. माणूस छान हसला आणि म्हणाला, परवानगी युजरच देतो.

आमच्या कॉलनीत हप्ता चुकलेल्या एका पोराच्या मामाला, शेजाऱ्याला, शाळेतल्या बाईंना मेसेज गेले होते; तो आठवडाभर घराबाहेर पडला नव्हता. ते दुसरं ॲप होतं, पण आतली यंत्रणा अशीच असणार. अंगुत्तर निकायातल्या त्या पाच धंद्यांच्या यादीत कर्जवसुलीचं ॲप नाही. शस्त्र नाही, मांस नाही, मद्य नाही. विष आहे का, यावर मी पुणे ते जळगाव अख्खा प्रवास विचार केला, आणि पाचोऱ्याच्या आसपास नाही म्हणून मेल टाकला. कारण लिहिलं नाही, 'वैयक्तिक' म्हटलं. घरी आईला सांगितलं तेव्हा ती दुप्पट पगाराबद्दल दोन दिवस बोलत होती, आणि तिचंही चूक नव्हतं. बहिणीचं शिक्षण चालू होतं.

त्या ध्यानकक्षात बसणारी मुलं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांनाही झोप लागत नसेल. प्रश्न असा आहे की झोप का लागत नाही याचं उत्तर शेजारच्या टेबलावरच्या कामात असेल, तर ते टेबल तसंच ठेवून गादीवर बसवणारी साधना ही मगिलच्या, थेटजीच्या, मोठीमायच्या ओळीतली म्हणायची का? मला ती त्या ओळीतली वाटत नाही. ती दुसरी गोष्ट आहे. उपयोगी असेल, पण दुसरी. तिला अडीच हजार वर्षांचं वय लावू नये.

शीलाच्या पाली ओळीत एक शब्द आहे ज्याकडे मी उशिरा लक्ष दिलं: सिक्खापद. शिकण्याचं पद, म्हणजे सरावाची पायरी. 'खोटं बोलू नकोस' अशी ती आज्ञा नाही. 'खोट्यापासून दूर राहण्याचा सराव मी स्वीकारतो' अशी ती भाषा आहे. सराव रोजचा असतो, आणि रोज सकाळी पुन्हा सुरू करावा लागतो. आमच्या क्षेत्रात याला भरपूर वाव आहे. 'झालंय, फक्त टेस्टिंग बाकी आहे' हे वाक्य देशभरात रोज सकाळच्या मीटिंगमध्ये किती वेळा उच्चारलं जातं याचा हिशेब ऊ बा खिनच्या खात्यालाही लागला नसता. गेलं वर्षभर मी ते वाक्य खरं असेल तरच बोलायचं असं ठरवलंय. त्याने मन शांत होतं का? सुरुवातीला उलट होतं, मॅनेजरचा चेहरा बघून पोटात गोळा येतो. पण संध्याकाळी बसलं की डोक्यात सारवासारव चालू नसते. गोयंका ज्याला पाया म्हणत तो बहुतेक हाच.

वर्षावास आता आमच्याकडे वेगळ्या रूपात आहे. भिक्खू गावोगाव नाहीत, पण आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं. महाराष्ट्रात हजारो वस्त्यांत ते चालतं आणि मला वाटतं, एवढे लोक एवढे दिवस एकत्र बसून एकच पुस्तक मोठ्याने वाचतात असं मराठीत फार थोड्या पुस्तकांच्या नशिबी आलंय. आमच्या विहारात वीस-पंचवीस जण असतात, बायका जास्त. कामावरून येऊन, भाकरी थापून मग येतात. आधी वंदना, पंचशील, मग वाचन. मी सुट्टीला घरी असलो की मलाही वाचायला लावतात, कारण माझा चष्मा नवीन आहे. काही पोरं फोनवरच्या पीडीएफमध्ये पुढे काय आहे ते बघत असतात.

या वर्षी मी गेलो तेव्हा रोहिणी नदीचं प्रकरण चालू होतं. परंपरेत सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून घर सोडतो. बाबासाहेबांना ते पटत नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा बघितलाच नाही हे कसं शक्य आहे? त्यांच्या पुस्तकात शाक्य आणि कोलिय यांचं रोहिणीच्या पाण्यावरून भांडण होतं. शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ एकटा विरोध करतो आणि शेवटी युद्ध टाळण्यासाठी, घरच्यांना शिक्षेतून वाचवण्यासाठी स्वतः परिव्राजक होतो. म्हणजे पाण्याच्या वाटपावरून सुरू झालेली गोष्ट. मी परिच्छेद संपवून पान उलटणार एवढ्यात मागून एका काकांनी थांबवलं. ते चाळीसगाव तालुक्यातले, गिरणेच्या पाटाखाली त्यांची दोन एकर जमीन.

"वरच्यांनी आधी घेतलं की खालच्यांनी घेतलं, हे लिहिलंय का त्यात?"

मी पान बघितलं. दोघंही एकाच नदीवर शेती करणारे होते आणि कोणी आधी, किती पाणी घ्यायचं यावरून वाद, असं मी सांगितलं. काका म्हणाले, मग आमच्यासारखंच. आवर्तन सुटलं की वरचे रात्रीतून दारं उघडतात. एक मावशी म्हणाल्या, दारं फक्त वरचेच उघडतात असं नाही, गेल्या वर्षी कोणाच्या शेतात रात्री पंप चालू होता ते सगळ्या आळीला माहीत आहे. काका गप्प बसले, मग हसले, मग थोडे चिडले. दुसऱ्या कोणी तरी विचारलं की रात्री पंप लावणं अदिन्नादानात येतं का, की पाणी सगळ्यांचं असल्यामुळे ती चोरी नाही. यावर बराच वेळ बोलणं झालं. पाऊणतास तरी. मेणबत्ती अर्ध्यावर आली, लहान पोरं झोपली, त्या दिवशी वाचन पुढे सरकलं नाही.